मकासरेसाहेबांची मुलगी

शनिवारी दुपारी चहाच्या वेळेला पाळकसाहेब यायचे होते, म्हणून जेवणं उरकताच बेबीने हातांची खुर्ची गॅलरीतून आत आणली, ओल्या फडक्याने पुसली आणि पंख्याखाली ठेवली. दिवाणावर वाळत टाकलेली बाळाची दुपटी उचलली. खारी आणि नानकटाई बशीत काढून वर जाळी घातली. पाळक घरी येतात तेव्हा काय काय करायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती पाळकाच्याच घरात जन्मली होती. तिचे वडील, रेव्हरंड शांतवन मकासरे, कितीतरी वर्षं परळच्या ह्याच चर्चच्या मंडळीचे पाळक होते, आणि ते कुणाच्या खोलीत शिरले की माणसं ताटावरून उठून उभी राहत, हे तिने फ्रॉकच्या वयापासून पाहिलं होतं.

"मम्मी, खुर्चीचं कशाला करतेस?" नूपुर बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली. "अनुग्रह खाली पण बसतो."

"पाळकसाहेब म्हणावं गं."

"त्यानंच सांगितलंय सगळ्यांना, नावानं हाक मारा म्हणून."

"त्यांनी सांगितलं म्हणून आपण लगेच मारायची?"

नूपुर हसली आणि आत गेली. बेबीला हसू आलं नाही. आज घरात जे बोलणं व्हायचं होतं त्याने तिचा जीव गुरुवारपासून टांगणीला लागला होता.

झालं होतं असं. नूपुर बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली, उर्वी नाव ठेवलं, आणि तिचा बाप्तिस्मा आता आठवड्यावर आला होता. बाप्तिस्म्याला लेकरासाठी धर्मपिता आणि धर्ममाता उभे राहतात, त्यांची नावं चर्चमध्ये आधी द्यावी लागतात. नूपुरने धर्ममाता म्हणून आपल्या आत्याचं, नलूचं नाव दिलं. कुणाला विचारलं नाही. आता नियम असा की धर्ममाता प्रभूभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेणारी हवी. नवे पाळक अनुग्रह पाटोळे वर्षभरापूर्वी बदलून आलेले. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या नलू सिस्टर भाकर घ्यायला कधी पुढे येत नाहीत हे त्यांनी पाहिलं होतं, पण म्हातारपणी गुडघे धरतात, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. आता त्यांनी विचारलं. नलूने सरळ सांगितलं, मला मनाई आहे. कुणी केली? मकासरेसाहेबांनी. कधी? गिरण्यांच्या संपाच्या वर्षी.

पाळक तरुण होते. त्यांना रात्रभर झोप आली नाही, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी चर्चच्या पंच कमिटीत सांगितलं.

बेबीला तो रविवार विसरता येण्यासारखा नव्हता. ती पहिल्या बाकावर आईशेजारी बसली होती, तेविशीची, आणि मनमोहन रणनवरेशी लग्न ठरल्यामुळे जरा ताठ बसलेली. त्या आठवड्यात मंडळीतली सुगंधा नावाची अठरा वर्षांची मुलगी भाजून गेली होती. बाप संपावर, ठरलेलं लग्न मोडलेलं. चाळीत बोभाटा झाला की पोरीने रॉकेल ओतून घेतलं. जीव देणाऱ्याला चर्चमधून निरोप नाही, म्हणून मकासरेसाहेबांनी मयत चर्चमध्ये आणू दिलं नाही. घंटा वाजली नाही. पेटी परस्पर शिवडीच्या दफनभूमीत गेली. आणि रविवारी उपदेश करताना साहेबांनी तिचंच उदाहरण घेतलं. त्या वर्षी घराघरांतून माणसं खचलेली होती. आणखी कुणी तसं काही करू नये म्हणून ते कळवळून बोलत होते. तेवढ्यात मधल्या बाकांतून मनमोहनची धाकटी बहीण उठली. रात्रपाळी करून तशीच आलेली, अंगावर नर्सची पांढरी साडी.

"साहेब, हे खरं नाही," नलू म्हणाली. "मी त्या वॉर्डात ड्यूटीवर होते. ती स्टोला पिन मारत होती आणि स्टो फुटला. शुद्धीवर होती तेव्हा तिनं मला स्वतः सांगितलंय."

ती ओरडली नव्हती. डॉक्टरांना रुग्णाचा ताप सांगावा तशी बोलली होती. त्याआधी दोनदा साहेबांच्या घरी जाऊन तिने हेच सांगितलं होतं, हे बेबीला ठाऊक होतं, कारण दार तिनेच उघडलं होतं.

पंच कमिटी बसली. उपासना मोडल्याबद्दल नलूने मंडळीसमोर माफी मागावी, तोवर तिने प्रभूभोजनापासून दूर राहावं, असं ठरलं. हात वर करणाऱ्यांत अप्पा रणनवरे होते, नलूचे स्वतःचे वडील. पाळकाच्या शब्दापुढे शब्द नाही, ह्या धारणेत त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. लेकीसाठी ती मोडायची कशी, हे त्यांना कळलं नाही.

नलूने माफी मागितली नाही. चर्चही सोडलं नाही. पुढल्या रविवारपासून ती शेवटच्या बाकावर बसू लागली.

मकासरेसाहेबांनी सोयरीक मात्र मोडली नाही. शिस्त वेगळी आणि नातं वेगळं, असं म्हणून त्यांनी ठरल्या दिवशी मुलगी त्याच घरात दिली. बेबी भीत भीत उंबऱ्याच्या आत आली. पहिल्या दिवशी नलूने तिला स्वयंपाकघरात नेऊन कुठल्या डब्यात काय आहे ते दाखवलं, आणि वरच्या फळीवर हात पोचत नाही म्हणून स्टूल आणून दिलं. त्यानंतर चाळीस वर्षांहून जास्त काळ दोघी एका छताखाली राहिल्या. चाळ पडून टॉवर झाला, त्यातल्या तीन खोल्यांतही एकत्रच आल्या. नलूने लग्न केलं नाही. इस्पितळातून मेट्रन होऊन निवृत्त झाली. त्या रविवारचा विषय तिने एकदाही काढला नाही. तिच्या त्या न बोलण्यावर बेबीचा अर्धा संसार उभा होता.

अप्पा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा नलूनेच त्यांचं सगळं केलं. तेव्हाचे पाळक महिन्यातून एकदा भाकर आणि द्राक्षारस घेऊन घरी यायचे. नलू अप्पांना उठवून, पाठीला उशी लावून, तोंड पुसून तयार करायची आणि मग चौकटीबाहेर जाऊन उभी राहायची. विधी झाला की परत आत. अप्पा एकदा दाराकडे बघत रडले होते. पण बोलले तेही नाहीत.

बेल वाजली. बेबीने पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्यांच्या आधी उठून उभी राहिली.

"सलाम, पाळकसाहेब."

"सलाम, आंटी. बसा ना तुम्ही."

अनुग्रह पाटोळे हातात हेल्मेट घेऊन आत आले. खुर्चीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. ते दिवाणावर नलूच्या शेजारी बसले आणि बाळ कुठे आहे विचारू लागले. मोकळी खुर्ची पंख्याखाली तशीच राहिली. मनमोहन तिच्यात बसेना आणि दुसरीकडे बसायला जागाही नव्हती. शेवटी तो जेवणाच्या टेबलाचं स्टूल ओढून बसला.

मनमोहन पंच कमिटीचा सेक्रेटरी होता. पोर्ट ट्रस्टमधली नोकरी त्याने दोन्ही बाजूंचं थोडं थोडं राखून काढली होती आणि चर्चचं कामही तसंच चालवत होता. गुरुवारच्या सभेत त्यानेच तोड काढली होती, ती त्याने पुन्हा सगळ्यांसमोर मांडली. पाळकांनी व्यासपीठावरून दोन ओळी वाचायच्या: जुनी मनाई उठवली आहे, झाल्या गोष्टीचं मंडळीला वाईट वाटतं. कुणाचंच नाव घ्यायचं नाही. नलूने एक ओळ म्हणायची: उपासना चालू असताना मी मध्ये बोलले, त्याचं मला वाईट वाटतं. की झालं. पुढच्या रविवारी बाप्तिस्मा.

"आत्यानं सॉरी म्हणायचं?" नूपुर म्हणाली. "पप्पा, तुम्ही सीरियसली बोलताय?"

"मध्ये उठल्याबद्दल. खऱ्याखोट्याचा त्यात संबंध नाही."

"त्यातच तर आहे."

"तुला मंडळी ठाऊक नाही, नूपुर. तू नाताळला येतेस. इथं जुनी माणसं आहेत, त्यांचाही मान असतो."

नूपुर पाळकांकडे वळली. "अनुग्रह, तुला कमिटी कशाला हवी रे? पाळक तू आहेस ना? तुझ्या अधिकारात मनाई काढून टाक. विषय संपला."

पाळक हसले, पण ओशाळल्यासारखे. "मागच्या महिन्यात तूच मला म्हणाली होतीस की पाळकाला एवढा अधिकार असूच नये."

आत बाळ कुरकुरलं तशी नूपुर उठून त्याला घेऊन आली आणि भिंतीशी उभी राहिली.

पाळकांनी मग आपलं म्हणणं सांगितलं. मनाई आपण एका वाक्यात उठवू शकतो, ते म्हणाले, पण त्याने काम भागणार नाही. चर्चने केलं आहे ते चर्चनेच निस्तरलं पाहिजे. त्यांना सगळ्या मंडळीसमोर नलू सिस्टरांची क्षमा मागायची होती, कसलीही अट न घालता. आणि तसं करायचं तर काय झालं आणि कुणाच्या हातून झालं, हेही सांगावं लागेल.

"म्हणजे साहेबांचं नाव," मनमोहन म्हणाला.

"हो."

मनमोहनने एकदा बायकोकडे बघितलं. मग तो इतक्या हळू बोलला की पाळकांना पुढे वाकावं लागलं. "तुमचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. संपात ह्या मंडळीतल्या घरांत चूल पेटली ती मकासरेसाहेबांमुळे. दारोदार फिरून धान्य गोळा करायचे. स्वतः पाठीवर पोतं घेऊन चार-चार जिने चढलेत. जात-धर्म विचारला नाही कुणाला. सुगंधाच्या बापाच्या घरातसुद्धा तेच धान्य शिजत होतं. त्या माणसाचं नाव तुम्ही व्यासपीठावरून असं घेणार? आणि हिनं," त्याने बेबीकडे मान केली, "पहिल्या बाकावर बसून ऐकायचं?"

बेबीला आपला चेहरा कुठे ठेवावा कळेना. नवऱ्याने आपली बाजू घेतली ह्याचं तिला बरं वाटलं. आणि कमिटीतही त्याने हेच सांगितलं असणार, बेबीला वाईट वाटेल म्हणून, हे लक्षात येऊन तितकंच वाईटही वाटलं. सगळी मंडळी तिच्या वाईट वाटण्याआड उभी होती.

"आत्या, तू बोल ना काहीतरी," नूपुर म्हणाली. "तुझ्याबद्दल चाललंय सगळं."

नलूने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मला क्षमाबिमा नको कुणाची," ती म्हणाली. "माझं काय गेलं? माझी नोकरी झाली, पेन्शन आहे, घर आहे. आणि साहेबांनी मला जे सांगितलं ते मी ऐकलंय. भोजनापासून दूर राहा म्हणाले, राहिले. एकदाही चोरून दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन घेतलं नाही. तिकडं मला कोण ओळखत होतं?"

"पण का ऐकलंस? चूक होतं ते," नूपुर म्हणाली.

"ते पाळक होते. मला दूर ठेवायचा त्यांना अधिकार होता. चुकीचा वापरला, त्याचा जाब त्यांनी द्यायचा, वर. मी तो अधिकारच नाही म्हटलं असतं तर मग आपल्याला पाळक हवाय कशाला? पण माफी माग म्हणाले, ती मागितली असती तर लोकांनी काय समजलं असतं? की नलू खोटं बोलली. म्हणजे सुगंधा खोटं बोलली. ते मला जमण्यासारखं नव्हतं."

पाळक खाली बघत होते. "मग मी काय करू, सिस्टर?" त्यांनी विचारलं.

"तिची घंटा राहिली आहे. ती वाजवा. तिचं नाव घेऊन प्रार्थना करा, मयताची करतात तशी. शिवडीला जाऊन उपयोग नाही, तिथं तिची जागा आता राहिलेली नाही, दुसऱ्यांना दिली. मी बघून आले. घंटा तेवढी वाजवा. मग मी येते पुढं."

"कमिटी मानणार नाही," मनमोहन म्हणाला. "तिची घंटा वाजवली म्हणजे साहेब चुकले, असंच झालं ना?"

"चहा आणते," असं म्हणून बेबी उठली.

आत तिने आधण ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिली. मागोमाग मनमोहन आला. तो म्हणाला, तू नाही म्हण. तुझ्या एका शब्दावर थांबेल सगळं. धर्ममातेला आपण दुसरी कुणी बघू, नूपुर दोन दिवस रागावेल, मग येईल ठिकाणावर. नलूला तर सवय आहे.

"सवय आहे," बेबी म्हणाली. तिने ते नुसतंच परत म्हटलं होतं, पण मनमोहन उगाच कप पुसायला लागला.

मग नूपुर आली, बाळाला घेऊन. तिला काहीतरी जोरात बोलायचं होतं, पण आईचा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. "मम्मी, आजोबांना मी पाहिलेलं नाही. मला त्यांचा राग वगैरे नाही. पण आत्याच माझ्या मुलीजवळ उभी राहणार. नाहीतर मी बाप्तिस्माच करणार नाही."

"धमकी देतेस देवाला?" मनमोहनने विचारलं.

"देवाला नाही. तुम्हाला देतेय."

दोघं बापलेक आधी एकमेकांकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिले. चहा उतू जायला आला तेव्हा नूपुरनेच हात लांबवून गॅस बारीक केला.

बेबीला वडील आठवत होते. व्यासपीठावरचे नव्हेत, जिन्यावर पोतं टेकवून धापा टाकणारे, पांढऱ्या झग्याच्या खांद्यावर ज्वारीचा कोंडा असलेले. त्या माणसापुढे कुणाचा आवाज निघणार? अन्न घातलं होतं त्यांनी. सुगंधाचा बापसुद्धा लेकीसाठी तोंड उघडू शकला नव्हता. आणि वडिलांनाही, ह्या सगळ्या झुकलेल्या माना बघून, आपलं कुठे चुकत असेल असं कसं वाटावं? उठून सांगणारी एकच निघाली. ती बाहेर दिवाणावर बसली होती.

बेबी ट्रे घेऊन बाहेर आली. सगळ्यांना कप दिले. स्वतः उभीच राहिली.

"नलू, एक विचारू?" ती म्हणाली. "माझे वडील वाईट होते का?"

नलूने कप खाली ठेवला.

"वाईट असते तर मी उठले असते का?" नलू म्हणाली. "वाईट माणसाला कोण सांगायला जातं, वहिनी? मला वाटलं होतं ते ऐकतील. दोनदा घरी गेले, तू दार उघडलंस, आठवतं ना? दोन्ही वेळा त्यांनी मला आधी पाणी दिलं. मला शेवटपर्यंत वाटत होतं, ते ऐकतील."

बेबी तेव्हा बसली. जवळ तीच होती म्हणून त्या हातांच्या खुर्चीत बसली आणि पदराने डोळे पुसले. रडणं फार वेळ चाललं नाही. मग ती पाळकांना म्हणाली, "कमिटीला सांगा, मकासरेसाहेबांच्या मुलीची हरकत नाही." थोडं थांबून तिने ते बदललं. "हरकत नाही असं नको. तिचंच म्हणणं आहे असं सांगा. घंटा वाजू दे."

"आणि नाव, आंटी? नाव न घेताही करता येईल."

"घ्या. तुम्ही घेतलं नाहीत तर लोक घरी जाऊन घेतील. ते जास्त वाईट घेतील. पण धान्याचंही सांगा."

पाळक उठले. इतका वेळ मोकळेपणाने बसलेला तो तरुण आता दोन्ही हात जोडून तिच्यापुढे उभा राहिला. बेबीला फार अवघडल्यासारखं झालं. पाळकाने आपल्यापुढे उभं राहायचं असतं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

तो आठवडा सोपा गेला नाही. कमिटीची सभा दोनदा बसली. एका जुन्या पंचाने मनमोहनला फोन करून विचारलं, तुझं घर तुझ्या हातात आहे की बायकोच्या? मनमोहनने त्याला काय उत्तर दिलं ते घरात कुणाला कळलं नाही, पण सभेत त्याने घंटेच्या बाजूने हात वर केला. सुगंधाचा धाकटा भाऊ लवू वसईकडे राहतो असं कळलं. पाळकांनी त्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं, बहिणीचं नाव बरोबर कसं लिहायचं ते सांगितलं, आणि आपण येणार नाही म्हणाला.

रविवारी उपासनेच्या आधी घंटा वाजली, मयताला वाजते तशी, एकेक टोल आणि मध्ये लांब थांबा. फाटकाशी उभे असलेले लोक एकमेकांना विचारू लागले, कोण गेलं? बेबी पहिल्या बाकावर जाऊन बसली. नूपुरने बाळाला आणि नवऱ्याला घेऊन तिच्या मागची जागा धरली; बाप्तिस्मा प्रभूभोजनानंतर व्हायचा होता. नलू नेहमीच्या जागी, शेवटी. दोन जुनी कुटुंबं आली नव्हती.

प्रार्थनेच्या वेळी पाळकांनी सांगितलं. कागद हातात नव्हता. सुगंधा ह्या मंडळीची लेक होती, अपघाताने गेली, आणि तिला ह्या मंदिरातून निरोप मिळाला नाही. खरं काय ते एका सिस्टरने तेव्हाच उभं राहून सांगितलं होतं आणि तिला आम्ही बाजूला बसवलं. तेव्हाचे पाळक रेव्हरंड मकासरे ह्यांनी संपात अनेक घरं जगवली, त्यांचं ऋण आहे. ही चूकही त्यांच्याच हातून झाली, आणि मंडळीने ती आजवर झाकून ठेवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. देवा, आम्हाला क्षमा कर.

वडिलांचं नाव ऐकताना एक क्षण बेबीला वाटलं, उठावं आणि सगळ्यांना सांगावं की ते चांगले होते हो, तुम्हाला माहीत नाही. पण ते तर नुकतंच सांगून झालं होतं. ती बसून राहिली. शेजारी मनमोहनने डोळे मिटून घेतले होते आणि त्याचे ओठ हलत होते.

प्रभूभोजनाला पहिला बाक आधी उठतो. मनमोहन उठला. बेबी उठली नाही. बाकामागून बाक पुढे जाऊन आले, सगळ्यांचं झालं. मग मंदिरात हालचाल थांबली आणि माणसं मान न वळवता मागचं बघू लागली.

नलू बाकाची पाठ धरून उठली. गुडघे खरोखरच धरलेले होते. बाकाबाहेर यायलाच तिला वेळ लागला. ते पाहून पाळक भाकरीची थाळी घेऊन वेदीपुढच्या कठड्याबाहेर आले आणि तिच्याकडे निघाले.

नलूने हात वर केला.

"जागेवर राहा, साहेब," ती म्हणाली. मेट्रनचा आवाज होता तो, शेवटच्या खाटेपर्यंत पोचणारा. "मी येते."

पाळक थांबले. मग वळून कठड्याच्या आत गेले आणि थाळी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. बेबी पहिल्या बाकावरून उठली, सगळ्यांच्या समोरून मागे चालत गेली आणि तिने नलूच्या दंडाला धरलं. दोघी निघाल्या. मधल्या वाटेवर नलू दोनदा थांबली, बेबीही थांबली. कठड्यापाशी पोचल्यावर नलूला गुडघे टेकता येईनात, म्हणून दोघी उभ्याच राहिल्या. पाळकांनी भाकर मोडली, आधी नलूच्या हातावर ठेवली आणि मग मकासरेसाहेबांच्या मुलीच्या.